झील कोण धरतंय?

वाचकांचे प्रश्न, मिरजेच्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात ॲलिस कोल्ट्रेन या अमेरिकन बाईंच्या भजनांबद्दल चार ओळी लिहिल्या, तर पत्रांचा पाऊस पडला. काहींनी ऐकून लिहिलंय, काहींनी न ऐकताच. न ऐकणाऱ्यांचं अक्षर जास्त ठसठशीत आहे. सगळ्यांचा विषय एकच : गाणं देवाचं, पण त्यात इलेक्ट्रिक गिटार, सिंथेसायझर, दोन-तीन भाषा आणि कुठल्या कुठल्या मुलखातली वाद्यं. एकसारखी पत्रं एकत्र करून उत्तरं देतोय. ज्यांनी नुसत्याच शिव्या पाठवल्या त्यांना ही पोच समजावी.

प्रश्न : तुम्ही ज्यांना भजनं म्हणता ती गाणी नातवाने ऐकवली. ऑर्गन, टाळ्यांचा कडकडाट, मध्येच विमान उडाल्यासारखा आवाज, आणि शब्द म्हणे ‘ओम राम’! याला भजन म्हणायचं का?
(एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

म्हणायचं, बाई. माझी कसोटी आमच्या गल्लीतल्या गुरुवारच्या भजनातली आहे. बुवांनी चरण म्हटला की मागची मंडळी ध्रुपद उचलतात का? झील धरणारे आहेत का, आणि आहेत तर ते ऐकू येतात का? बुवा कितीही सुरेल असू देत, मागे कोणी नसेल तर ती मैफल झाली. चांगली मैफल असेल, मी तिकीट काढून जाईन. पण भजन नव्हे.

आता ॲलिसबाईंकडे या. जन्म १९३७चा, डेट्रॉइटचा. (त्याच साली आमचे अब्दुल करीम खाँसाहेब गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना ठेवलं. याचा त्याचा संबंध काही नाही, मला आपली तारखा जुळवायची खोड.) लहानपणापासून चर्चमध्ये पियानो-ऑर्गन वाजवत. पुढे जॅझमध्ये नाव, जॉन कोल्ट्रेन या थोर सॅक्सोफोनवाल्याशी लग्न. १९६७ साली ते गेले. पदरी लहान मुलं, आणि मन कुठे लागेना. अशात स्वामी सच्चिदानंदांची गाठ पडली. हे तेच स्वामी, ज्यांनी १९६९च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या संगीत-जत्रेत सुरुवातीला व्यासपीठावर बसून लाखो पोरांना उपदेश केला होता. ‘जर्नी इन सच्चिदानंद’ ही बाईंची रेकॉर्ड १९७१ची. तीत हार्प, सोप्रानो सॅक्सोफोन, एका गाण्यात अरबांचं ऊद नावाचं तंतुवाद्य आणि बहुतेक सगळीकडे तंबोरा. अजून ही मैफलच, बरं का.

भजन नंतर आलं. १९७२ साली बाईंनी कॅलिफोर्नियात वेदांत केंद्र काढलं, १९८३ साली लॉस एंजेलिसजवळ अगौरा हिल्सच्या डोंगरात आश्रम. नाव घेतलं तुरीयसंगीतानंद. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या सुटल्या, आणि बाई आश्रमातल्या मंडळींना घेऊन कॅसेटी काढायला लागल्या. १९८२ ते १९९५ एवढ्या काळात चार कॅसेटी. दुकानात नाहीत, जाहिरात नाही, आश्रमाच्याच प्रकाशनातर्फे भक्तांच्या हातात. तेव्हा मी इथे कॅसेटी विकत होतो. अशा गावच्या मंडळांनी आपल्यापुरत्या काढलेल्या कॅसेटी माझ्या काउंटरवरही यायच्या, आणि शपथेवर सांगतो, सिनेमाच्या कॅसेटींपेक्षा त्या जास्त झिजवून परत भरून घ्यायला लोक आणायचे. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लुआका बॉप कंपनीने त्या आश्रमाच्या कॅसेटींतली निवडक भजनं एकत्र करून बाजारात आणली, तेव्हा कुठे जगाला कळलं. तोवर बाई जाऊन दहा वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी तो आश्रमही वणव्यात जळला.

‘ओम राम’ पुन्हा एकदा ऐका. आधी चढी लय, टाळ्या, सगळी मंडळी एकदम. ते तुमचं विमान म्हणजे ओबरहाइम कंपनीचा सिंथेसायझर. बाई त्यावर स्वर खालून वर ओढत नेतात, तोडत नाहीत. सतारीवर घसीट घेतात ना, तीच चाल, फक्त सप्तकाच्या सप्तक. मग लय उतरते आणि एक पुरुषी आवाज पुढे येतो. त्या गायकाचं नाव ऐकून खुर्चीतून उठाल : पांडुरंग. जॉन हेंडरसन हे मूळ नाव, पांडुरंग हे आश्रमातलं. हा माणूस रामाला आळवतो तो थेट काळ्या लोकांच्या चर्चमधल्या रीतीने, शब्द फोडून, हुंदका देऊन. मागची मंडळी त्याला सोडत नाहीत. तो जितका लांब जातो तितकी ती ‘राम’ घट्ट धरून बसतात. झील म्हणतात ती हीच.

एक पंचाईत मात्र आहे. ‘तुरीय सिंग्ज’ या १९८२च्या पहिल्या कॅसेटला माझी कसोटी लागत नाही. तिथे बाई एकट्याच गातात, खर्जात, सावकाश. २०२१ साली त्यांच्या मुलाने (त्याचं नाव रवी, रविशंकरांवरून ठेवलेलं) त्या कॅसेटमधली तंतुवाद्यं आणि सिंथेसायझर काढून टाकलेली आवृत्ती आणली. नुसता आवाज आणि वुर्लिट्झर ऑर्गन. पहाटे देवघरात आई स्वतःशीच काही म्हणत असते, तिला कोणी झील विचारत नाही. तेवढी सूट मी देतो.

प्रश्न : सायकेडेलिक म्हणजे नेमकं काय? गांजा ओढून केलेलं संगीत असंच ना? मग त्यात देव कुठून आला?
(सांगली, इस्लामपूर, नगर अशा तीन पत्रांत हाच प्रश्न, शब्द थोडे इकडेतिकडे)

गांजा नव्हे, एलएसडी. आणि हो, सुरुवात तिथूनच झाली, झाकायचं कशाला? पण नशा उतरल्यावरही जी उरली ती आवाज करायची एक रीत. तिच्याबद्दल बोलू.

१९६६ साली बीटल्स या इंग्रज बँडने ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. शब्द आले तिबेटी ‘मृत्युग्रंथा’च्या आधाराने लिहिलेल्या एका नशेच्या पुस्तिकेतून. त्यांच्यातल्या जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलताहेत असा हवा होता. अभियंत्याने काय केलं? हॅमंड ऑर्गनबरोबर लाकडी कपाटाएवढा एक स्पीकर येतो, लेस्ली नावाचा. त्यात भोंगा गरागरा फिरतो. आवाज त्यातून सोडला की तो तुमच्याकडे येतो, पाठ फिरवतो, पुन्हा येतो. शिवाय फितीचे तुकडे गोल चिकटवून तेच तेच फिरवलेले, काही उलटे वाजवलेले. आणि या सगळ्याच्या खाली, अख्खं गाणं संपेपर्यंत, एकच षड्ज आणि तंबोरा.

तंबोऱ्यापाशी जरा थांबतो, कारण मी मिरजेचा. आमच्या सतारमेकर गल्लीत या. ही शिकलगारांच्या घराण्यातली माणसं, पूर्वी हत्यारं करत, दीडशे वर्षांहून जास्त काळ तंतुवाद्यं करताहेत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. कारागीर घोडीचा माथा कानसीने घासत जातो. घासायचं, तार चढवायची, छेडायची, तोंड वाकडं करायचं, तार उतरवून पुन्हा घासायचं. एवढं झाल्यावर तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवतो. धागा एक केसभर पुढे गेला तर आवाज टणटणीत, मुका. केसभर मागे आला की तार घोडीच्या उतारावर घासत थरथरते आणि एका तारेतून वरचे सगळे स्वर उलगडायला लागतात, गंधार तर न छेडता ऐकू येतो. ही जवारी. लंडनच्या पोरांनी लाखो रुपयांची यंत्रं लावून एका आवाजातून दहा आवाज काढायचा जो खटाटोप केला, तो या धाग्याने होतो. तंबोरा त्यांना एवढा का भावला हे मला विचाराल तर एवढंच कारण. ऐकणाऱ्याचं मन एका जागी बांधायचं आणि त्याच वेळी सैल सोडायचं, हे दोन्ही त्याला येतं. त्यासाठी काही ओढायची गरज नाही.

नशेचं म्हणाल तर रविशंकर आयुष्यभर याच मुद्द्यावर चिडत राहिले. आपल्यासमोर लोक नशा करून बसतात याचा त्यांना संताप होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. त्यांचा शिष्य, बीटल्समधलाच जॉर्ज हॅरिसन, १९६७च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नशेबाज पोरांचा मुक्काम बघायला गेला, तिथली दशा बघून त्याने एलएसडी सोडली आणि जपाकडे वळला.

प्रश्न : लेस्टरला असतो. इथे इस्कॉनच्या देवळात रोज सकाळी ‘गोविन्दम्’ची एक जुनी रेकॉर्ड लावतात. एक बाई गातात, मागे मोठा वाद्यवृंद. ही जॉर्ज हॅरिसनची आहे असं सांगतात, खरं का?
(मूळचे कऱ्हाडचे एक वाचक)

खरं. गायिका यमुना देवी, शब्द ब्रह्मसंहितेचे, निर्माता हॅरिसन. १९७० साली ॲपल कंपनीने, म्हणजे बीटल्सच्याच, ही छोटी रेकॉर्ड काढली. आदल्या वर्षी याच मंडळींची, म्हणजे लंडनच्या राधाकृष्ण मंदिराच्या भक्तांची, ‘हरे कृष्ण मंत्र’ निघाली होती. ती इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत बाराव्या नंबरापर्यंत गेली, आणि डोक्याचा गोटा केलेली, शेंडी ठेवलेली गोरी पोरं टीव्हीवरच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमात टाळ वाजवत नाचली. त्या मंत्रात हॅरिसन पेटीवर आहे. पुढे कुठेही स्वतःचा आवाज न घुसवता तो मागे बसला, हे मला मोठं वाटतं. तारा असूनही झीलकरी झाला.

त्याच्या स्वतःच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये मागची मंडळी आधी ‘हालेलुया’ म्हणतात. चर्चला जाणारा इंग्रज निर्धास्त डोलायला लागतो. मग त्याच चालीवर, त्याच वजनात, ‘हरे कृष्ण’ सुरू होतं, आणि पुढे ‘गुरुर्ब्रह्मा’. हिब्रू, इंग्रजी, संस्कृत, तिन्ही एकाच श्वासात. हे त्याने ठरवून केलं होतं आणि तसं सांगितलंही होतं. चालीवरून पुढे कोर्टकज्जा झाला आणि १९७६ साली न्यायाधीशांनी नकळत केलेली नक्कल ठरवली, तो भाग निराळा. आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर आरत्या म्हणणाऱ्यांनी त्यावर बोलू नये.

प्रश्न : आमच्या वारकरी भजनात वीणा, टाळ, पखवाज आणि पेटी. संतांनी जे दिलं ते पुरेसं आहे. परकी वाद्यं कशाला?
(आळंदी)

माऊली, पेटी संतांनी दिलेली नाही. ती १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये जन्मली. मिशनऱ्यांबरोबर आली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढून भाता हाताशी आणला, म्हणून आपण मांडी घालून वाजवू शकतो. आकाशवाणीने १९४० साली तिला परकी ठरवून बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. तेवढ्या काळात एकाही भजनी मंडळाने पेटी बाहेर ठेवली नाही. तुमच्या मंडळाने तर नाहीच.

प्रश्न : ‘जुनून’ नावाचा अल्बम ऐकला. राजस्थानी गायक, हिब्रू शब्द, उर्दू शब्द, त्यात रेडिओहेड या इंग्रज बँडचा गिटारवाला. ऐकायला छान, पण हे सगळं मुद्दाम एकत्र कोंबल्यासारखं वाटतं. आमच्याकडे इस्राएल आळी आहे म्हणून हिब्रू कानाला ओळखीचं, बाकी काय?
(अलिबाग)

अलिबागकरांनी हा प्रश्न विचारावा ही मोठी गंमत आहे. त्यावर शेवटी येतो.

आधी ‘जुनून’. शाय बेन त्सूर हा इस्रायली संगीतकार. पोरवयात जेरुसलेमला हरिप्रसाद चौरसिया आणि झाकीर हुसेन यांची मैफल ऐकली आणि हिंदुस्थानात येऊन राहिला. बरीच वर्षं अजमेरला. तिथे कव्वाली त्याच्या रक्तात भिनली, आणि तो हिब्रूत कव्वाल्या रचायला लागला. रेडिओहेडचा जॉनी ग्रीनवुड त्याच्याबरोबर यायला तयार झाला, आणि २०१५च्या सुरुवातीला तीनेक आठवडे जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात सगळ्यांनी मुक्काम ठोकला. राजस्थानचे मांगणियार गवई, कव्वाल आणि लग्नाच्या वरातीत वाजवणारे बँडवाले, असा संच. पॉल थॉमस अँडरसन या हॉलिवूडच्या दिग्दर्शकाने त्यावर तासाभराहून थोडा कमी माहितीपट केला. किल्ल्यातल्या दालनात जाजम टाकून सगळे गोल बसलेत, कबुतरं आत शिरताहेत, मध्येच वीज जाते, वादक तसेच बसून राहतात. सुधारलेल्या स्टुडिओत हे लाखो रुपये देऊन मिळायचं नाही.

कोंबल्याचं म्हणता, तर मांगणियारांकडे बघा. हे मुसलमान, आणि यजमान पिढ्यान्‌पिढ्यांचे राजपूत. लग्नाला, बारशाला तेच गाणार. त्यामुळे पीराचा कलाम आणि मीरेचं पद एकाच गळ्यात राहतं. या अल्बममध्ये ‘चला वाही देस’ आहे, ते मीरेचंच. त्यांचा कमायचा बघा : आंब्याच्या लाकडाचा गोल पोटाचा सांगाडा, त्यावर कातडं, मोठी वाकडी कामठी. त्याचा आवाज खरखरीत, घशात माती असलेल्या म्हाताऱ्यागत. बेन त्सूर त्याच्यापुढे ‘अल्ला एलोहिम’ ठेवतो. एलोहिम हे यहुद्यांचं देवाला हाक मारायचं नाव. शेवटचं ‘मोदे’, हा तर यहुदी माणूस सकाळी डोळे उघडल्यावर जे म्हणतो त्या प्रार्थनेचा पहिला शब्द. मांगणियारांना दोन देवांची दोन नावं एका गाण्यात घेण्याचा सराव होताच. आता तिसरं.

ग्रीनवुडचं कौतुक एका गोष्टीसाठी. बहुतेक गोरे पाहुणे आपल्या रागाखाली पियानोचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर, अंथरतात आणि रागाचा जीव घेतात. हा बेस, गिटार, ड्रम मशीन घेऊन बसला, पण बऱ्याचदा तालाच्या आणि षड्जाच्या बाजूला राहिला. आणि ‘जुनून’ हे पहिलं गाणं ऐकलंत तर कसोटी आपसूक लागते. पहिला आवाज संपायच्या आत दुसरे तोंड उघडतात.

आता अलिबाग. तुमच्या शेजारच्या बेने इस्राएल मंडळींनी, म्हणजे आपल्या शनवार तेल्यांनी, १८८०च्या सुमाराला मुंबईत हिंदूंची कीर्तनं ऐकून आपली कीर्तनं सुरू केली. भाषा मराठी. साकी, दिंडी, ओव्या सगळं तेच, आख्यान मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे यांचं, आणि मध्ये हिब्रू शब्द. कीर्तनकार उभा, मागे साथीदार. पुढे इस्रायलला गेलेल्या बायकांनी ही गाणी तिथेही सोडली नाहीत. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीतच. नामदेवांची एकसष्ट पदं शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. नाथांनी भारुडात हिंदू-तुर्क संवाद घातला, त्यात तुर्क त्याच्या बोलीत बोलतो. जोधपूरला हिब्रू कव्वाली ऐकून बिचकायचं कारण अलिबागकरांना तरी नाही. तुमच्याच आळीत एखाद्या आजीला विचारा, जुन्या कीर्तनाची वही निघेल. निघाली तर मला कळवा.

प्रश्न : नुसरत फतेह अली खाँचं ‘मस्त मस्त’ हे विलायती ठेक्यावरचं रूप माझ्या आवडीचं. पण मित्र म्हणतो ते बाटलेलं आहे.
(पुणे)

मित्राला सांगा, थोडं बाटलेलं आहे आणि थोडं नाही. १९९०चा अल्बम, पीटर गॅब्रिएलच्या रिअल वर्ल्ड कंपनीचा. कॅनडाचा मायकेल ब्रुक याने सगळं जुळवलं. त्याच्याकडे एक गिटार होती जिचा सूर छेडल्यावर विझायचाच नाही. मला यातली एक हकिगत फार आवडते. ब्रुकने फिती कापून जोडल्या, विलायती गाण्याच्या मापात बसतील अशा. खाँसाहेबांनी ऐकलं आणि काही ठिकाणी नाही म्हणाले. एक तर शब्द मध्येच तुटून अर्थ गेला होता. पण नुसत्या सरगमच्या ठिकाणीही त्यांची हरकत होती : विचार अर्धवट राहिलाय, पुढे न्यायचा होता, तुम्ही मध्येच कापला. ब्रुकने बदल केले.

कापणाऱ्याने गाणाऱ्याला विचारलं, हे महत्त्वाचं. त्यानंतर मॅसिव्ह अटॅक या इंग्रज बँडने क्लबात नाचायला त्याचंच आणखी एक रूप केलं. तेही मी ऐकतो, पाय हलतो. पण त्यात कव्वालीतली दहा माणसं कुठे गेली? टाळ्या गेल्या, मागचे भाऊबंद गेले, एक आवाज आणि धूर उरला. माझ्या लेखी ते उत्तम नाचाचं गाणं. ‘दम मस्त कलंदर’ पूर्ण ताफ्याने ऐकायचं असेल तर त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं आहेत, अर्धा-अर्धा तास चालतात. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल, येऊ द्या.

प्रश्न : हणजुणला राहतो. इथे पहाटेपर्यंत ‘ॐ’ आणि शिवाचे मंत्र घालून ढाण ढाण चालतं. यालाही तुम्ही भजन म्हणणार का?
(गोवा)

नाही म्हणणार. सत्तरच्या आगेमागे आलेल्या हिप्प्यांपासून गोवा ट्रान्स या यंत्रावरच्या नाचाच्या संगीतापर्यंतचा हा प्रवास खरा आहे, आणि त्यातले काही जुने लोक खरंच साधूंच्या पायाशी बसलेले होते. पण ध्वनिफितीत अडकवलेला ‘ॐ’ आणि झिंगलेली गर्दी, यात गर्दीला म्हणायला काही ठेवलेलंच नाही. नुसतं ऐकायचं आणि हलायचं. तुमच्याच राज्यात वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं, एक थकला की दुसरा उचलतो. तिकडेही माणसं पहाटेपर्यंत तंद्रीत असतात. झोपेचा प्रश्न तुमचा तसाच राहणार, तो माझ्या हातात नाही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळातली तरुण मुलं गिटार, कीबोर्ड आणि बेस आणू म्हणतात. त्यांनी मुंबईच्या ‘अभंग रीपोस्ट’ या बँडसारखं काही करायचं डोक्यात घेतलंय. म्हातारे रुसलेत. मी अध्यक्ष, मध्ये अडकलोय. काय करू?
(वाळवा तालुका)

मुलांना आणू द्या. अभंग म्हणायला मुलं येताहेत, रुसायचं काय त्यात? फक्त काही गोष्टी सराव सुरू व्हायच्या आधी ठरवा, नाहीतर पहिल्याच एकादशीला भांडण होईल.

पट्टी बुवांची. बुवा काळी एकला गात असतील तर गिटारवाल्याने काळी एकला यायचं, ‘माझ्या हाताला सोपं’ हे कारण चालणार नाही. त्यासाठी गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा मिळतो, तो घ्यावा. कीबोर्डला तर बटण असतं.

अभंग रागात असेल तर गिटारने कॉर्ड बदलत फिरू नये. भैरवीच्या खाली कॉर्ड फिरायला लागले की बुवांचा कोमल ऋषभ उघडा पडतो आणि बुवाच चुकल्यासारखे वाटतात. षड्ज-पंचम धरून ठेवा, तंबोऱ्यासारखा. गजराला, ‘विठ्ठल विठ्ठल’ला, काय हवं ते करा, तिथे सगळं खपतं.

बेस आणि पखवाज एकाच जागेसाठी भांडतात. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून जो घुमारा काढता, बेसचा जाड आवाज नेमका त्याच्यावर बसतो, आणि स्पीकरमधून नुसता गोंगाट येतो. बेसवाल्याने समेला आणि फार तर टाळीला वाजवावं. पखवाजी म्हाताऱ्यांपैकी असेल तर त्याला आधी विचारा, तो रुसवा निम्मा तिथेच जाईल.

आता माइक. इथे सगळी मंडळं गोता खातात. बुवांना एक, पेटीला एक, गिटारला एक, पखवाजाला दोन, आणि टाळकऱ्यांना काहीच नाही, कारण ‘ते तसेच ऐकू येतात’. देवळात येत होते. गिटार-बेस आल्यावर नाही यायचे. टाळ्यांचा आणि टाळांचा आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरतो, म्हणून साउंडवाला त्यांना मागे ढकलतो आणि मग त्यांचं ध्रुपदही मागे जातं. टाळकऱ्यांच्या दोन रांगांच्या मध्ये, डोक्याच्या वर, बांबूला बांधून एक माइक सोडा. तो टाळांपेक्षा तोंडांना जवळ राहतो. आणि साउंडवाला हौसेने इको वाढवायला लागला की हात धरा. बुवांचा शेवटचा शब्द तीनदा घुमत राहिला, तर मागच्यांनी ध्रुपद उचलायचं कधी?